एका शेंदाडासाठी कडेगावच्या पूर्वेला

प्रवासाची शिष्टसंमत प्रयोजने तीन: तीर्थ, व्यापार आणि सासुरवाडी. प्रस्तुत लेखकाने गेल्या आश्विनात साताऱ्याहून जे प्रस्थान ठेवले, ते यांपैकी एकाही प्रयोजनात बसत नाही. तो निघाला होता एका रानवेलीच्या फळासाठी. ते फळ बाजारात मिळत नाही, कारण ते विकण्याजोगे आहे असे आजवर कोणाच्याही मनात आलेले नाही. तथापि माझ्या पाठोपाठ कोणी त्या बाजूस जाऊ इच्छीत असेल, तर त्याची गैरसोय माझ्यापेक्षा थोडी कमी व्हावी, म्हणून हा वृत्तान्त.

आमची सौभाग्यवती कमला श्रावणाच्या अखेरीस विषमज्वराने अंथरुणास खिळली. ज्वर एकोणतिसाव्या दिवशी उतरला. परंतु जाताना तिची क्षुधा बरोबर घेऊन गेला. पेजेचे दोन घोट, की तोंड भिंतीकडे. माझी थोरली बहीण, जिला सारे आक्का म्हणतात, ती मुगाच्या कढणाची वाटी घेऊन तासतासभर उशाशी बसे आणि भरलेली वाटी घेऊन उठे. डॉक्टरांनी मला ओसरीवर नेऊन सांगितले, "मास्तर, ताप गेला आहे. आता यांनी खाल्लेच नाही, तर मात्र माझ्याजवळ इलाज नाही."  

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आपण होऊन बोलली. "शेंदाड खावंसं वाटतंय."

मी हायस्कुलात बावीस वर्षे संस्कृत शिकवीत आहे, आणि मराठीचे शिक्षक रजेवर असले की मराठीही. शेंदाड हा शब्द मला एका विशेषणाच्या रूपानेच ठाऊक होता. लढाईतून पळ काढणाऱ्या भित्र्या शिपायास ते लावतात. "शिपाई?" मी विचारले. तिच्या ओठाचा एक कोपरा किंचित हलला. महिनाभरात तो प्रथमच हलत होता.

तिचे वडील प्राथमिक शाळेचे मास्तर. सहा ते अकरा या वयात ती कडेगावच्या पूर्वेकडील एका कोरडवाहू गावी वाढली. तेथे बाजरीच्या शेतात ही वेल आपोआप उगवते, लिंबाहून थोडे मोठे, लांबट, पिवळे फळ धरते, आणि ते आंबटगोड लागते, एवढे तिने दोन दमांत सांगितले.

डॉक्टरांना विचारले. ते म्हणाले, "साल-बिया काढून गर कुस्करून द्या. पण जे मागतात तेच द्या, त्याच्यासारखे दुसरे नको. आतडी अजून कच्ची आहेत. जुलाबाचा एक झटका बसला, तर हाती काही राहणार नाही."

या सूचनेचे गांभीर्य मला दोन दिवसांत कळले. झाडपाला विकणाऱ्या एका गृहस्थाने छातीवर हात ठेवून "अस्सल शेंदाड" म्हणून एक फळ मला दिले. वाटोळे, हिरवे, अंगावर सुरेख रेघा. कमलेने उशीवरून मान न उचलता त्याकडे पाहिले. "अहो, हे कडू वृंदावन. एक फोड खाल्ली असती, तर तुम्हाला दुसऱ्या लग्नाची खटपट करावी लागली असती." मग डोळे मिटून म्हणाली, "पान बघा. शेंदाडाचं गोल असतं, ह्याचं फाटकं."

त्या क्षणी मी जाण्याचे ठरवले. वेलीची लक्षणे मी टिपणवहीत सूत्ररूपाने नोंदवली: वर्तुलपर्णा, पीतपुष्पा, रेखांकितफला. ज्ञान संस्कृतात मांडले की ते पूर्ण झाले, असा माझा त्या दिवसापर्यंत समज होता.

युद्धामुळे पेट्रोल दुर्मीळ झाले आहे, हे वाचकांना सांगावयास नको. म्हणून साताऱ्याहून कराडास थेट मोटारीने जाण्याचा मोह टाळावा. मी टांग्याने रहिमतपूर गाठले आणि तेथून आगगाडीने कराड. गाडी दोन तास उशिरा आली, ही त्या दिवसांत वक्तशीरपणाची परमावधी समजावी. रहिमतपूर स्टेशनाबाहेर गरम भजी उत्तम मिळतात. चहाविषयी मौन पाळतो. रात्री कराडच्या धर्मशाळेत उतरलो. अंथरूण आपले न्यावे. तेथील चटईत पूर्वीचे निवासी अद्याप वास्तव्य करून असतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी कडेगावची मोटार. तिच्या पाठीला कोळशाची भट्टी जोडलेली असते आणि त्या धुरावर ती चालते, असे म्हणतात. चालते हा शब्द मी व्यापक अर्थाने वापरीत आहे. प्रत्येक चढावर ड्रायव्हर मागे वळून गर्जे, "उतरा मंडळी, लक्ष्मी दमली!" आणि आम्ही भाडे भरलेले सव्वीस उतारू त्या लक्ष्मीस मागून ढकलीत असू. मागील बाकावर बसू नये. मी बसलो होतो, आणि कडेगावात उतरलो तेव्हा यज्ञकुंडातून प्रकट झाल्यासारखा दिसत होतो.

कडेगावच्या बाजूस विहिरीच्या पाण्यावर उभा ऊस आहे. बांधावर उभ्या असलेल्या एका शेतकऱ्यास मी शेंदाडाविषयी विचारले. माझ्या टोपीवरून मला मास्तर ठरवून तो म्हणाला, "आवं मास्तर, हितं उसात कुठलं शेंदाड? त्ये कोरड्या रानाचं. पूर्वंला जावा, धनगराकडं. तितं पानी न्हाई, शेंदाडं लय." त्याच्याच ओळखीची एक बैलगाडी मिळाली, आणि तीन कोस धूळ खाऊन दुपारी मी कमलेच्या बालपणीच्या गावी पोहोचलो. गावाचे नाव लिहीत नाही. का, ते पुढे कळेल.

पारावर चार-पाच वृद्ध बसले होते. मधोमध भरघोस मिशांचे एक पेन्शनर हवालदार. मी नमस्कार करून, सभेस शोभेल अशा स्वरात विचारले, "या गावात शेंदाड कोठे आढळेल?"

हवालदारांच्या मिशा थरथरल्या. "शेंदाड व्हय? हाय की! एकच हाय, पर वाण अस्सल हाय. वरल्या अंगाला, निंबाखालचं घर."

बाकीचे उपरणी तोंडाला लावून हसले. ग्रामीण माणसास आपल्या रानमेव्याचा केवढा आनंद, असे मनाशी म्हणत मी वरल्या अंगास निघालो.

निंबाखाली एक सव्वीस-सत्तावीस वर्षांचा मनुष्य दोरी वळीत बसला होता. अंगात विटका खाकी सदरा. त्याचा उजवा हात एकसारखा कापत होता आणि डाव्याने तो त्यास मधून मधून दाबून धरीत होता. मी प्रसन्न मुद्रेने म्हणालो, "मी साताऱ्याहून मुद्दाम शेंदाड पाहण्यास आलो आहे. ते येथेच आहे असे पारावर कळले."

त्याची दोरी थांबली. आतून एक म्हातारी हातात केरसुणी घेऊन बाहेर आली.

"कुणी धाडलं तुमास्नी? त्या पारावरच्या रिकामटेकड्यांनी व्हय? शिकल्यालं दिसताय, टोपी घातलीया, आन् साताऱ्यासनं माझ्या ल्येकाला बघाया आलासा? ह्यो काय जत्रंतलं अस्वल हाय?"

बावीस वर्षांत मी अनेक विद्यार्थ्यांना शब्दाचा वाच्यार्थ आणि लक्ष्यार्थ यांतील भेद समजावून दिला आहे. तो मला स्वतःला त्या अंगणात समजला. मी टोपी काढली आणि जे सांगावयाचे ते सांगितले. अलंकार एकही सुचला नाही. पत्नी आजारी आहे. महिना झाला, अन्न जात नाही. लहानपणी ती याच गावी होती, शाळेच्या मास्तरांची मुलगी. तिने एवढी एकच वस्तू मागितली आहे.

म्हातारीच्या हातातील केरसुणी खाली आली. "मास्तराची कमळी? दोन वेण्यांची? आमच्या मेंढरामागं हिंडायची ती?"

"तीच."

"आन् तिला काय व्हतंय?" मी पुन्हा सांगितले. म्हातारीने पदराने डोळे पुसले आणि मुलाला म्हणाली, "दादू, ऊठ रं. पाटी घे."

दादू वेताची पाटी घेऊन उठला. "चला मास्तर," एवढेच म्हणाला.

वाटेत तुटक तुटक कळले. पलटण ब्रह्मदेशाच्या रानात असताना तोफेचा गोळा शेजारी पडला आणि खंदक ढासळला. बाहेर काढले तेव्हा सोबतचे दोघे गेलेले, हा एकटा धड. अंगावर ओरखडा नाही. परंतु तेव्हापासून हात कापतो आणि भांडे पडले तरी अंग दचकते. पलटणीने घरी धाडले. एक पाय गमावून आला असता, तर गावाने त्यास ओवाळून घेतले असते. सगळाच्या सगळा परत आला, म्हणून शेंदाड.

बाजरीची कापणी अर्धी झाली होती. खोडक्यांतून सर्वत्र वेली पसरलेल्या. बहुतेक वाळत आलेल्या. मी टिपणवही काढून सूत्र वाचून दाखवले आणि त्याचा अर्थही सांगितला. दादूने अदबीने ऐकून घेतले.

"पानं उन्हानं जळून ग्येल्याती, मास्तर. फुलं सरली. आन् रेघा तर दोनीवर बी असत्यात."

माझी समग्र वनस्पतिविद्या तीन वाक्यांत निकालात निघाली.

"वास घिऊन बघा की," तो म्हणाला. "पिकल्याल्या शेंदाडाचा वास बांधावर येतुया." दुर्दैवाने पंचवीस वर्षांच्या तपकिरीने माझे घ्राणेंद्रिय केव्हाच सेवानिवृत्त केलेले आहे. हे मी कबूल केले तेव्हा तो प्रथमच हसला.

"मग ही येल वडा." मी ओढली. ती इतक्या सहज आली की मी मागे बसलोच. मुळी सुतळीएवढी. "आता ही दुसरी वडा." ही बांधाकडची. दोन्ही हातांनी ओढली. वेल तुटली, मूळ जागचे हलले नाही. "त्ये कडू वृंदावन. खाली मनगटाएवढं मूळ हाय. दर साली तितनंच फुटतंय. शेंदाड एका पावसाचं. आलं, फळलं, ग्येलं."

ज्या वाचकांस ही वेल ओळखावयाची आहे, त्यांनी एवढे ध्यानात ठेवावे. पान असल्यास पान पाहावे. नसल्यास ओढून पाहावे. जी सहज सुटून येते ती आपली.

मग मी एक पिवळे फळ तोडावयास वाकलो. "आं हां, तोडायचं न्हाई," दादू म्हणाला. "नुसता हात लावायचा. पिकलं आसंल तर द्येठ आपसुक सोडतंय." मी बोट लावले. फळ देठापासून वेगळे झाले आणि माझ्या तळहातावर आले.

आमच्या घरी महिनाभर रोज सकाळी आक्का आणि मी एक वैदिक मंत्र म्हणत होतो. पिकलेले उर्वारुक जसे देठापासून सुटते, तशी मृत्यूच्या बंधनातून सुटका त्यात मागितली आहे. उर्वारुक म्हणजे काकडीच्या कुळातील फळ, असे मी वर्गात दरवर्षी सांगतो. ते सुटताना पाहिले मात्र नव्हते. आवाज होत नाही. झटका बसत नाही. वेलीला काही कळलेही नसावे. आणि एकाएकी त्या मंत्राची मला भीती वाटली. इतक्या सहज सुटणारी वस्तू मी उशाशी बसून पाहत आलो होतो. महिनाभर आपण नेमके काय मागत होतो?

"काय झालं, मास्तर?"

"काही नाही," मी म्हणालो. "व्याकरण."

चौदा फळे जमली. पाटी भरणार, तोच दादूने ती अडवली. "थांबा. शेंदाडात बी येखादं कडू निघतं. वरनं कळत न्हाई. चाखाया लागतं." मग थोडा अडखळून म्हणाला, "पर माझं उष्टं चालंल का तुमास्नी?"

आमच्या घरात आक्का पाण्याचा तांब्यासुद्धा वरून ओतून पिते. मी धर्मशास्त्रातील एखादे वचन आठवू लागलो आणि ते आठवण्याचे सोडून दिले. "चालेल," मी म्हणालो.

चाकू धरताना त्याचा हात फारच कापू लागला. तेव्हा मी फळ धरले, चाकूवरील त्याच्या मुठीवर दुसरा हात ठेवला, आणि आम्ही दोघांनी मिळून प्रत्येक फळाच्या देठाकडून नखाएवढी चकती काढली. तो ती जिभेवर ठेवी. गोड निघाली की मान हलवी. कडू निघाली की थुंकून, तोंड वेडेवाकडे करून पुढचे मागे. पाचवे कडू फळ थुंकल्यावर त्याच्या डोळ्यांत पाणी आले. मी म्हणालो, "आता मी चाखतो." तो म्हणाला, "तुमास्नी मोटारीत बसायचंय." हा युक्तिवाद अकाट्य होता.

नऊ फळे उरली. त्यांवर बाजरीचा हिरवा पाला घालताना तो खाली पाहत म्हणाला, "लोक म्हंत्यात त्ये खोटं न्हाई, मास्तर. ह्ये फळ वरनं ग्वाजिरं दिसतं, आन् जरा धक्का लागला की फुटतं. तसंच हाय माझं."

मला पुष्कळ बोलता येते. तो माझा चरितार्थ आहे. मी पाटीची दुसरी कडी धरली, आणि आम्ही गावाकडे चालू लागलो.

म्हातारीने चार भाकऱ्या, लसणाची चटणी आणि कमलेसाठी एक निरोप बांधून दिला: "तिला म्हनावं, सावित्रामावशीनं बलीवलंय. बरी झाली की ये म्हनावं. आन् न्हाई आलीस तर केरसुणी हाय म्हनावं, तुझ्या नवऱ्यानं बघितलीया."

गाडीकडे जाण्याची वाट पारावरूनच होती. हवालदार सावरून बसले. "काय मास्तर, गावलं का शेंदाड?"

"गावले," मी म्हणालो. "नऊ मिळाली. परंतु आपण सांगितले त्या घरात एकही नव्हते."

एकजण फिसकन हसला आणि गप्प झाला. हवालदारांनी आपल्या मिशांवरून हात फिरवला. त्यांची नजर पाटीवर गेली, मग दादूच्या हातावर. आणि ते म्हणाले, "दादू, गाडीवानाकडंची बैलं बुजरी हायती. म्होरं धरून ऱ्हा, बाबा." पारावरून स्वतःच्या नावाने हाक आली तेव्हा दादू थबकला. गाडी सुटेपर्यंत तो बैलांच्या पुढ्यात उभा होता.

परतीच्या प्रवासाविषयी थोडे. शेंदाड हे फळ प्रवासास सर्वथा अपात्र आहे. कडेगावच्या धर्मशाळेत रात्री दोन फुटली. सकाळी मोटारीत मी पाटी पायाशी ठेवली, तेव्हा समोरील बाई म्हणाल्या, "आवं, ती हिकडं द्या. खाली ठिवली तर शिकरण हुईल." पाटी त्यांनी मांडीवर घेतली. चढावर सारे उतरले. त्या उतरल्या नाहीत. ड्रायव्हर ओरडला, "मावशी, लक्ष्मी दमली!" त्या म्हणाल्या, "दमू दे. ह्येंची मंडळी आजारी हाय." सव्वीस माणसांनी मावशीसकट मोटार ढकलली. तरीही कराडपर्यंत तीन गेली, आगगाडीच्या गर्दीत एक, आणि रहिमतपूरच्या टांग्यात एका खड्ड्याने नजरेसमोर एक घेतले. तिन्हीसांजेला मी घराची पायरी चढलो तेव्हा पाटीत दोन फळे होती.

कमला जागी होती. मी एक फळ तिच्या हातात दिले. तिने ते नाकाशी धरले आणि बराच वेळ तसेच धरून ठेवले. मग फिरवून पाहिले. देठाकडची ती नखाएवढी चकती कापलेली तिला दिसली.

"कुणी चाखून दिलं?"

"सावित्रामावशीच्या दादूने."

"दादू? तो रांगत होता मी होते तेव्हा." नंतर ती हळूच म्हणाली, "चाखताना लई कडू लागलं असेल त्याला." माहेरच्या गावचा तो 'लई' तिच्या तोंडी मी लग्नानंतर प्रथमच ऐकला.

आक्काला मी सारे सांगून टाकले, उष्ट्यासकट. तिने माझ्याकडे पाहिले, देवाकडे पाहिले, आणि वाटी-चमचा आणला. साल काढली, गर कुस्करला, बिया बाजूला केल्या. पहिला चमचा कमलेने तोंडात तसाच धरला. मला वाटले, आता उलटी होईल, तोंड भिंतीकडे वळेल. तिने गिळला. मग म्हणाली, "मीठ घालता का थोडं?"

वाटी संपली. अर्ध्या तासाने तिने पेज मागितली.

या प्रवासातून मी काय आणले, असे स्टाफरूममध्ये विचारतात. दोन शेंदाडे, असे सांगितले की ते हसतात. हसोत. त्या शब्दाने मी आता कोणत्याही शिपायाचे वर्णन करीत नाही आणि मुलांच्या निबंधात तो आला तर खाली लाल रेघ ओढतो. कारण विचारणाऱ्यास शाळा सुटल्यावर बोलावतो, आणि त्याला हीच हकीकत सांगतो.

परंतु त्या सायंकाळचे जे उरले आहे, ते वेगळेच. पेज घेऊन झाल्यावर आक्का बियांची वाटी उचलून परसात टाकण्यास निघाली, तेव्हा मागून आवाज आला. आवाज बारीक होता, पण त्यात हुकूम होता.

"टाकू नका, वन्सं. राखेत घोळून ठेवा. पुढच्या आषाढात मी लावीन."

आक्का दारातच थांबली. मी कंदिलाची काच पुसण्याचे निमित्त करून तोंड फिरवले. संस्कृतात भविष्यकाळाचे दोन लकार आहेत. आमच्या घरात महिनाभर त्यांपैकी एकाचाही उपयोग कोणी केला नव्हता.